एका तोंडासाठी शिबिर

डॉ. कामिनी गोतमारे विदर्भ लोकदंतारोग्य परिषदेची सचिव झाली ती आपल्या गाडीच्या डिकीमुळे. दुसरं काही कारण नव्हतं. परिषदेच्या बैठकीला ती पहिल्यांदा गेली, मागच्या रांगेत बसली, चहा प्यायली आणि निघताना कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे बॅनर तेवढं तुमच्या गाडीत टाकू का? पुढच्या वेळी घेऊन या." तिने हो म्हटलं. ज्याच्या डिकीत बॅनर जातं त्याच्या गळ्यात हळूहळू सगळंच येतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. बॅनरमागून समई आली, समईमागून शाल-श्रीफळाची पिशवी, मग माइकचा डबा, आणि वर्षभरात त्या गाडीत घरची भाजी ठेवायला जागा उरली नाही. सचिवपदाची निवड झाली तेव्हा तिच्या नावाला कुणीच विरोध केला नाही. विरोध करणाऱ्याला स्वतःची डिकी रिकामी करून द्यावी लागली असती.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात, चष्म्याच्या दुकानावर तिचा दवाखाना आहे. खाली दुचाकी लावायला जागा नाही आणि वर जाणारा जिना असा की धडधाकट माणसाचीही दाढ पायऱ्या चढता चढता ठणकायला लागावी. वीस वर्षांहून जास्त काळ ती तिथे दाढा काढते, कवळ्या बसवते. पण तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांचं खरं दुखणं दाढेचं नसतंच. ते खर्ऱ्याचं असतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि चिमूट गालात धरून दिवस काढायचा, हे नागपूरकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी खर्ऱ्याची पुडी पुढे होते. मग काही वर्षांनी तिखट झोंबायला लागतं. गाल आतून ताठ होतात. स्वतःची तीन बोटं तोंडात उभी जायला हवीत, तिथे दोन जातात, मग एक. अशी माणसं जिना चढून वर यायची, खुर्चीत बसायची, आणि कामिनीचा एवढासा आरसाही त्यांच्या दातांच्या आत जायचा नाही. त्यातल्या काहींच्या गालात नको ते दिसायचं आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागायचं. ही माणसं आपल्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यांच्याकडे जायला हवं होतं, असं तिला सारखं वाटायचं. तेच वाटून वाटून ती दमली, तेव्हा परिषदेत गेली.

तिथे गेल्यावर वेगळंच दमणं सुरू झालं. गावोगाव जाऊन तोंडं तपासायची, लोकांना शहाणं करायचं, हा परिषदेचा उद्देश. पण प्रत्येक शिबिराआधी तीन बैठका व्हायच्या, आणि तिन्हीत चर्चा एकच, मंचावर कोण बसणार. अध्यक्ष डॉ. रजत देवगडे हा माणूस वाईट नव्हता. हुशार होता, गोड बोलायचा, नागपुरात त्याचा दवाखाना जोरात चालायचा. फक्त कॅमेरा दिसला की त्याला दुसरं काही दिसायचं नाही. शिबिरं व्हायची, बातमी यायची, आणि ज्यांच्या तोंडात काही सापडलं त्यांना पुढे फोन करत बसायचं काम सचिवाकडे यायचं. त्यातले अर्धे फोन उचलायचे नाहीत. उरलेल्यांपैकी बरेच म्हणायचे, "येतो नं मॅडम, शेतातलं काम आवरलं की येतो." कामिनी रात्री जेवताना तोंडातल्या तोंडात हीच वाक्यं घोळवायची. यंदाचं वर्ष संपलं की सचिवपद सोडायचं, असं तिने नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं. धर्मेंद्र खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीची नोकरी करतो. तो म्हणाला, "सोड. पण बॅनर कोणाच्या गाडीत ठेवशीन, ते आधी पाह्य."

आणि मग दिवाळी आली.

कामिनीचं सासर काटोलच्या पुढे, संत्र्यांच्या बागा असलेल्या एका गावात. तिथे तिचे भासरे, म्हणजे धर्मेंद्रचे मोठे भाऊ चंपतराव आणि जाऊ गोपिका राहतात. वडील लवकर गेले, तेव्हा धर्मेंद्रला शिकवून नोकरीला लावलं ते चंपतरावांनीच. लग्नानंतर कामिनीची सासू म्हणाली होती, की सुनेनं महालात दवाखाना कशाला उघडून बसायला पाहिजे, घरी काय कमी आहे? तेव्हा चंपतराव ओसरीतूनच आईला म्हणाले, "दवाखाना चालू राहीन. पोरगी शिकली ते घरात बसाले नाही शिकली." विषय तिथेच संपला. त्यांनी हे कामिनीला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं होतं, कारण त्या घरात भासरा आणि लहान सून एकमेकांशी बोलत नाहीत. तो यायच्या आधी ती पदर सारखा करते आणि आत जाते. त्याच्या अंगाला तिचा हात लागत नाही. काही सांगायचं असलं तर मध्ये गोपिका असते, नाहीतर धर्मेंद्र, आणि दोघंही नसले तर भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी हे तसंच होतं. त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही. कामिनीला तर चंपतरावांबद्दल सख्ख्या भावापेक्षा जास्त माया होती. ती त्यांच्याकडे नीट कधी पाहायची नाही, एवढंच.

त्या दिवाळीत तिने पाहिलं. गोपिका एका वाटीत वेगळं, पांढरं वरण काढून ठेवत होती.

"ताई, हे कोणासाठी?"

"यायच्यासाठी. यायले आता तिखट सोसत नाही. वय झालं नं वं."

झुणक्यासोबत हिरव्या मिरच्या कचाकचा चावणारा माणूस! कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि सासरच्या घरात पहिल्यांदाच तिने भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. चंपतराव पोळीचा इवलासा तुकडा करत होते, वरणात भिजवत होते आणि ओठांच्या कोपऱ्यातून आत ढकलत होते. तोंड उघडत नव्हतं. शेकडो अनोळखी माणसांच्या तोंडात हेच पाहिलं होतं, आणि इथे मात्र पदर सावरून ती आत निघून आली.

त्याच रात्री तिने धर्मेंद्रला सांगितलं. धर्मेंद्रने सकाळी भावाजवळ विषय काढला आणि पडेल चेहऱ्याने परत आला. "दादा म्हणते, मले काय झालं? म्हणते, सुनेसमोर तोंड उघडून बसू काय मी?"

"मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवा म्हणावं. मी नाही पाहत."

"तेही म्हटलं. म्हणते, बहार होऊ दे, संत्रा निघू दे." धर्मेंद्र खाटेवर बसला. "मी नाही वं जबरदस्ती करू शकत दादाले. त्यायच्यासमोर माह्या तोंडून शब्द नाही फुटत."

नागपूरला परत येताना कामिनीने वाटभर विचार केला आणि तिला युक्ती सुचली. डॉक्टरकडे चंपतराव येत नाहीत ना? मग डॉक्टरच त्यांच्या दारात न्यायचे. एक नाही, सगळी परिषदच. इतकी वर्षं जिचं ओझं वाहिलं ती परिषद एकदा तरी आपल्या कामाला येऊ दे, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

तिने यंदाचं वार्षिक शिबिर सासरच्या गावात घ्यायचं सुचवलं. खरं कारण घरी धर्मेंद्रला तेवढं माहीत होतं, परिषदेत तिने ते जाहीर केलं नाही. सांगितलं असतं तर ते बातमीत आलं असतं. डॉ. देवगडेंनी लगेच "गाव दत्तक" हा शब्द उच्चारला आणि ठराव मंजूर झाला. मग तारखा. डिसेंबरात अध्यक्षांना वेळ नव्हता. जानेवारीत पाहुणे मिळत नव्हते. शेवटी फेब्रुवारी ठरला. कामिनी प्रत्येक बैठकीत मान डोलवत होती आणि मनातल्या मनात ती पांढऱ्या वरणाची वाटी पाहत होती.

चंपतरावांना तिने स्वागताध्यक्ष केलं. यातच तिची खरी मेख होती. शिबिराचं उद्घाटन म्हणून स्वागताध्यक्षांनी सगळ्यांसमोर खुर्चीत बसायचं आणि पहिलं तोंड त्यांचं तपासायचं. मानाचं काम आहे, मानाला माणूस नाही कसा म्हणेल? परिषदेतल्या एका डॉक्टरला, प्रीती रामटेकेला, तेवढं तिने विश्वासात घेतलं. प्रीती शांत मुलगी, हात हलका. "त्या दिवशी तू दुसरं काही करू नको," कामिनी तिला म्हणाली. "फक्त त्यांचं तोंड पाहा."

पण स्वागताध्यक्ष म्हणजे घरधनी, आणि आपल्याकडे घरधनी बसत नसतो. एवढी साधी गोष्ट त्या घरात सून म्हणून इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या लक्षात आली नाही. थकलेला माणूस असाच चुकतो.

शिबिराच्या दिवशी चंपतराव उजाडायच्या आत शाळेच्या पटांगणावर हजर होते. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. मांडव त्यांनीच घालून घेतला, खुर्च्या मोजून मागवल्या, पाण्याच्या कॅन सावलीत ठेवून घेतल्या. डॉक्टरांची बस उशिरा आली आणि अध्यक्ष त्याहून उशिरा. समई वाऱ्याने दोनदा विझली. भाषणं लांबली. मग कामिनीने माइक घेऊन सांगितलं, "आता आपले स्वागताध्यक्ष तपासणी करून घेऊन शिबिराचं उद्घाटन करतील," आणि टाळ्या वाजल्या. चंपतराव मांडवाच्या खांबाजवळ उभे होते. ते अध्यक्षांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी असताना मी कसा बसू? उद्घाटन तुमच्याच हातून होऊ द्या."

डॉ. देवगडेंना दोनदा सांगावं लागलं नाही. ते खुर्चीत बसले, आ केला, त्यांचे स्वच्छ, सरळ, चकचकीत दात सगळ्या गावाने पाहिले. फोटोवाल्याने आणखी एकदा आ करायला लावला. कामिनीच्या हातातला माइक तसाच चालू होता आणि तिच्या सुस्काऱ्याचा आवाज पटांगणभर गेला.

त्यानंतर दिवसभर प्रीती चंपतरावांच्या मागे आणि चंपतराव पुढे. "दादा, बसा नं दोन मिनिटं," ती म्हणाली, तर ते म्हणाले, "पाव्हणे जेवू द्या बेटा, मंग बसतो." पाहुणे जेवले. चंपतरावांनी पंगतीत स्वतः फिरून आग्रह केला, वरून तूप वाढलं. जेवणानंतर त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना हात धरून खुर्च्यांपर्यंत आणलं. "उघडा काकू तोंड, लाजू नका. डॉक्टरसमोर काहाची लाज?" असं ते प्रत्येकीला सांगत होते. कामिनीने ते ऐकलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात हातमोजे संपले. मग नवे हातमोजे आणायला माणूस पाठवला, मग एका पाहुण्याला स्मृतिचिन्ह मिळालं नाही म्हणून तो रुसला, त्याची समजूत घालायला ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेली. रुसलेला माणूस ज्येष्ठ होता आणि ज्येष्ठ माणसं सावकाश रुसवा सोडतात.

ती परत आली तेव्हा मांडवात धूळ होती आणि बस नव्हती. प्रत्येक डॉक्टरच्या हातात चंपतरावांनी मृगाच्या बहाराच्या संत्र्यांची पिशवी दिली होती आणि सगळे गेले होते. प्रीतीही. "मॅडम, मी थांबते" असं ती म्हणत होती म्हणे, पण ड्रायव्हरने ऐकलं नाही. मागच्या शिबिरात एक डॉक्टर मागे राहिला होता, म्हणून यंदा कामिनीनेच त्याला बजावून ठेवलं होतं, की कोणी काहीही म्हणो, एकालाही सोडून निघायचं नाही.

ती शाळेच्या पायरीवर बसली. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एका माणसाच्या तोंडासाठी तीस डॉक्टर आणले. सगळ्या गावाची तोंडं पाहिली, अध्यक्षाचंसुद्धा पाहिलं. आणि ज्याच्यासाठी आणले तो माणूस तिकडे एकावर एक खुर्च्या रचत होता. तिला इतकं अपुरं, इतकं मूर्ख वाटलं की डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

गोपिका तिच्यासाठी पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली.

"ताई, यायच्यासाठीच होतं वं हे सगळं," कामिनी म्हणाली. "बाकी कशासाठी नाही."

"मले माहीत आहे," गोपिका म्हणाली. "यायलेही माहीत आहे. धर्मेंद्र बोलला होता फोनवर. म्हणूनच बसले नाही. दिवसभर पळून राहिले होते."

"काहून पण?"

"भेव वाटते त्यायले." गोपिकाने गावाकडे तोंड फिरवलं. "रोज आरशात पाह्यते. मले दाखवत नाही. परवा म्हणे, गालात खडा आहे असं लागते. मी कोणाले सांगू? तुले सांगू? तू काय भासऱ्याच्या तोंडात बोटं घालशीन?"

कामिनीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"घालीन," ती म्हणाली.

गोपिका तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि मांडवात गेली. लांबून कामिनीला दोघं दिसत होती. गोपिका बोलत होती, चंपतराव मान हलवत होते, नाही, नाही. मग गोपिका बोलायची थांबली आणि नुसती त्यांच्यासमोर उभी राहिली. शेवटी चंपतरावांनी रचलेल्या खुर्च्यांतली वरची एक काढली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

कामिनी हातमोजे घालून आली तेव्हा ते बायकोला म्हणाले, "तिले म्हण, लवकर पाह्य. लोकं येतीन." आणि खांद्यावरचा दुपट्टा घेऊन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर टाकला. दुपट्ट्याखाली आता फक्त एक तोंड होतं.

"आ करा," कामिनी म्हणाली. त्यांच्याशी बोललेला हा तिचा पहिला शब्द.

दोन बोटंही गेली नाहीत. दीड, जेमतेम. गोपिकाने मोबाइलचा उजेड धरला. कामिनीने गाल बाजूला केला आणि डाव्या बाजूला, मागच्या दाढेजवळ, तिला जे पाहायचं नव्हतं ते दिसलं. कडा उचललेली जखम, बोटाला टणक. तिने जबड्याखाली हात नेला. तिथे गाठ होती. तिचा पदर डोक्यावरून कधीच खाली पडला होता आणि तो कुणी उचलला नाही. इतक्या माणसांना तिने हे सांगितलं होतं की सांगण्याची वाक्यं ठरलेली होती. तुकडा काढून तपासू. काळजी करू नका. आता उपचार खूप पुढे गेले आहेत. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघेना.

"उद्या नागपूरले चला," ती म्हणाली. "माझ्यासोबत. बहार राहू द्या."

चंपतरावांनी दुपट्टा डोळ्यांवरून काढला. ते तिच्याकडे सरळ पाहत होते. रागावलेले नव्हते. दिवसभर पळून दमलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"दिवाळीतच काहून नाही पाह्यलं तू?" त्यांनी विचारलं. गोपिकाला नाही, तिलाच.

"तुम्ही नाही म्हटलं होतं नं, दादा."

"धर्मेंद्रले नाही म्हटलं होतं." जेमतेम उघडणाऱ्या तोंडातून शब्द सावकाश येत होते. "तो विचारे, त्याले नाही म्हटलं. तू कुठी विचारलं? तू एक डाव समोर येऊन म्हटली असती, त मी तवाच बसलो असतो."

कामिनीची बोटं अजून त्यांच्या जबड्याखाली, त्या गाठीवरच होती.